वाहनचालकाचे वैद्यकीय प्रमाणपत्र
मोटार वाहन चालविण्यास अर्जदार शरीराने व मनाने समर्थ असल्याबद्दल नोंदणीकृत डॉक्टरांनी द्यावयाचा लेखी दाखला. या अटीतील रंगदृष्टीच्या तपासणीचे मूळ रेल्वेत सापडते. स्वीडनमधील लागरलुंडा येथे १८७५ मध्ये दोन आगगाड्यांची टक्कर झाली. तीस रंगांधत्व कारणीभूत असावे, असे प्रतिपादून शरीरक्रियावैज्ञानिक फ्रिथ्यॉफ हॉल्मग्रेन यांनी रंगीत लोकरीच्या लडी निवडावयास लावणारी चाचणी प्रचारात आणली. उत्तरकालीन संशोधकांनी हे कारण शंकास्पद मानले. चाचणी मात्र रूढ झाली.

ब्रिटनमध्ये १९०३ च्या कायद्याने आलेला परवाना कोणत्याही परीक्षेवाचून, शुल्क भरून मिळत असे. प्रकृतीविषयीचे प्रतिज्ञापन १९३० च्या कायद्याने आवश्यक झाले. भारतातील १९३९ च्या मोटार वाहन कायद्याने हीच पद्धत स्वीकारली. परंतु डॉक्टरांचा दाखला पगारी चालक व परिवहन वाहनांचे चालक यांच्याकडूनच मागितला. तपासणीचा भार अशा रीतीने ज्यांची उपजीविका चाकावर अवलंबून होती त्यांच्यावर पडला. अपस्मार, वेड, भोवळ आणणारा हृदयविकार, बहिरेपणा इत्यादींमुळे अर्जदार अपात्र ठरे.

१९८८ च्या कायद्याने (अंमल १ जुलै १९८९) दाखल्याची अट व्यापक केली. १९९४ च्या दुरुस्तीने परिवहनेतर वाहनांपुरती ती शिथिल झाली. १९८९ च्या केंद्रीय नियमांतील ‘नमुना १-अ’ मध्ये २५ मीटरांवरून गाडीची क्रमांकपट्टी वाचता येते काय, तांबडा व हिरवा रंग ओळखता येतो काय, असे प्रश्न होते. दृष्टीची परीक्षा डॉक्टरांना तत्काळ घेता येते. फेफरे वा भोवळ यांचा पत्ता एका भेटीत लागणे मात्र कठीण. तेथे बव्हंशी अर्जदाराच्या कथनावरच विसंबावे लागते, आणि खरे सांगणाऱ्यासच परवान्यास मुकावे लागते. या पद्धतीतील हा सर्वांत दुबळा दुवा होय.

निदान पाहावयाचे की प्रत्यक्ष कौशल्य, हा वाद बहिऱ्या व्यक्तींच्या संदर्भात न्यायालयात गेला. चालनपरीक्षा उत्तीर्ण होणाऱ्या बहिऱ्या व्यक्तीस परवाना नाकारता येणार नाही, अशी भूमिका दिल्ली उच्च न्यायालयाने २०११ मध्ये घेतली. केंद्रीय परिवहन मंत्रालयाने २०१६ मध्ये राज्यांना तदनुसार सूचना दिल्या. जून २०२० मध्ये नमुना १ व १-अ यांत दुरुस्ती होऊन सौम्य व मध्यम रंगांधत्व असलेल्यांना परवाना मिळू लागला. तीव्र रंगांधत्वाची अपात्रता तेव्हा कायम ठेवण्यात आली.