मुखत्याराचे अधिकार आणि हिशेबाचे बंधन : अभिकर्त्याची कायदेशीर कर्तव्ये

जेथे स्वतः हजर राहता येत नाही तेथील काम दुसऱ्याच्या हाती सोपवणे ही व्यवहाराची जुनी गरज आहे. परगावी स्थायिक झालेल्याने गावाकडच्या जमिनीसाठी भावाच्या नावे केलेले कुलमुखत्यारपत्र, शेतमाल विकून देणारा अडत्या, घराच्या विक्रीसाठी नेमलेला दलाल, ही सारी याच संबंधाची रूपे होत. काम सोपवणाऱ्याचा माल, पैसा किंवा मालमत्ता अशा वेळी दुसऱ्याच्या सचोटीवर विसंबून असते. म्हणूनच अधिकार स्वीकारणाऱ्यावर कोणती बंधने येतात, हे भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या दहाव्या प्रकरणात निश्चित करण्यात आले आहे.

अधिनियमाच्या कलम १८२ नुसार, दुसऱ्यासाठी एखादे कृत्य करण्याकरिता किंवा त्रयस्थांशी होणाऱ्या व्यवहारांत दुसऱ्याचे प्रतिनिधित्व करण्याकरिता नेमलेली व्यक्ती म्हणजे ‘अभिकर्ता’. ज्याच्यासाठी ते कृत्य केले जाते तो ‘प्रधान’. हा अधिकार स्पष्ट शब्दांत दिलेला असू शकतो, तसाच परिस्थितीवरून गृहीतही धरला जातो. अभिकरण निर्माण होण्यासाठी मोबदला आवश्यक नाही, असे कलम १८५ सांगते. त्यामुळे ‘काही घेतले नाही, घरचे म्हणून केले’ एवढ्या सबबीवर नातेवाईक मुखत्याराला हिशेबाची जबाबदारी झटकता येत नाही.

सूचनांचे पालन आणि कौशल्य

अभिकर्त्याने प्रधानाच्या सूचनांनुसार आणि सूचना नसतील तेथे त्या ठिकाणच्या, त्या व्यवसायातील प्रथेनुसार काम करावे, असे कलम २११ चे बंधन आहे. उधारीची प्रथा नसलेल्या व्यवसायात दलालाने प्रधानाचा माल उधारीवर विकला आणि घेणारा पुढे दिवाळखोर झाला, तर नुकसान दलालाला भरून द्यावे लागते. विक्रीच्या वेळी त्या गिऱ्हाइकाची पत उत्तम होती, हा बचाव चालत नाही. कलम २१२ नुसार, तशाच व्यवसायातील व्यक्तींकडे सामान्यतः असते तेवढे कौशल्य अभिकर्त्याने दाखवले पाहिजे आणि वाजवी तत्परतेने काम केले पाहिजे. त्याच्या कौशल्यात उणीव आहे हे प्रधानाला आधीच ठाऊक असेल, तर मात्र त्याला त्या प्रमाणात सूट मिळते.

या कर्तव्याची व्याप्ती ‘पन्नालाल जानकीदास विरुद्ध मोहनलाल’ या खटल्यात दिसून आली. अडत्यांनी प्रधानासाठी खरेदी केलेला माल मुंबईच्या गोदामात होता. त्याचा विमा उतरवणे हे अडत्यांचे काम होते. ते झाले नाही. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबई गोदीत ‘फोर्ट स्टायकिन’ जहाजावर झालेल्या स्फोटांच्या आगीत तो माल नष्ट झाला. सरकारने नंतर काढलेल्या वटहुकमानुसार विमा नसलेल्या मालाला निम्मीच भरपाई मिळाली. उरलेल्या निम्म्याचा भार सर्वोच्च न्यायालयाने १९५० मध्ये अडत्यांवर टाकला. स्फोट त्यांच्या हातचा नव्हता. विमा उतरवणे मात्र त्यांच्या हातचे होते.

हिशेब आणि रकमेचा भरणा

प्रधानाने मागणी करताच योग्य हिशेब देणे कलम २१३ अन्वये बंधनकारक आहे. प्रधानाच्या वतीने मिळालेल्या सर्व रकमा त्याला चुकत्या करण्याचे कर्तव्य कलम २१८ मध्ये आहे. स्वतः आगाऊ दिलेली रक्कम, योग्य खर्च आणि ठरलेला मोबदला अभिकर्त्याला त्यातून वळता करून घेता येतो. कामात अडचण उद्भवल्यास प्रधानाशी संपर्क साधून त्याच्या सूचना मिळवण्यासाठी सर्व वाजवी प्रयत्न करावे लागतात. आणीबाणीच्या प्रसंगी मात्र सामान्य शहाणपणाचा माणूस स्वतःच्या मालासाठी करील ते सारे करण्याचा अधिकार त्याला आहे. व्यक्तिशः करण्यासाठी स्वीकारलेले काम, व्यवसायाची प्रथा किंवा कामाचे स्वरूप तसे नसताना, परस्पर तिसऱ्याकडे सोपवता येत नाही.

निष्ठेचे कर्तव्य

या सर्व कर्तव्यांच्या मुळाशी निष्ठा आहे. विकणाऱ्याचा प्रतिनिधी स्वतःच गुपचूप खरेदीदार होऊ शकत नाही. प्रधानाची आगाऊ संमती न घेता आणि सर्व महत्त्वाची माहिती त्याच्यापुढे न ठेवता अभिकर्त्याने स्वतःच्या खात्यावर व्यवहार केला, तर कलम २१५ प्रधानाला तो नाकारण्याचा हक्क देते. त्यासाठी महत्त्वाची गोष्ट अप्रामाणिकपणे लपवली गेली, किंवा व्यवहार आपल्या अहिताचा ठरला, यांपैकी एक दाखवावे लागते. कायद्यातील उदाहरण बोलके आहे. जमीन विकण्यासाठी नेमलेल्या अभिकर्त्याला तेथे खाण असल्याचे समजते. ते लपवून तो प्रधानाच्या परवानगीने जमीन स्वतः घेतो. खरा प्रकार कळल्यावर ती विक्री मोडायची की कायम ठेवायची, हे प्रधान ठरवतो.

कलम २१६ आणखी पुढे जाते. अभिकरणाच्या कामात प्रधानाच्या नकळत स्वतःसाठी व्यवहार करून मिळवलेला लाभ प्रधानाला मागता येतो. आपले नुकसान झाल्याचे सिद्ध करण्याची अट येथे नाही. घर मिळत नाही असे सांगून अभिकर्त्याने ते स्वतःसाठी घेतले, तर त्याच किमतीत ते आपल्याला विकण्यास प्रधान त्याला भाग पाडू शकतो.

अधिकाराची मर्यादा

मुखत्यारपत्राने कारभार सोपवला जातो, मालकी नव्हे. कुलमुखत्यारपत्राच्या आधारे केलेल्या तथाकथित विक्रीने स्थावर मालमत्तेची मालकी हस्तांतरित होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ‘सूरज लॅम्प’ खटल्यात २०११ मध्ये स्पष्ट केले. जवळच्या नातेवाइकांना व्यवस्थेसाठी दिलेल्या खऱ्या मुखत्यारपत्रांना या निकालाने बाधा येत नाही, असेही न्यायालयाने नमूद केले. अभिकर्त्याचा स्वतःचा हितसंबंध गुंतलेला नसेल, तर प्रधानाच्या मृत्यूने अधिकार संपुष्टात येतो. त्यानंतर सोपवलेल्या हिताच्या रक्षणासाठी वाजवी पावले उचलणे एवढेच कर्तव्य त्याच्याकडे उरते.

उपाय आणि मुदत

ज्या भागात अभिकर्त्याने गैरवर्तन केले, त्या भागाचा मोबदला कलम २२० नुसार त्याला मिळत नाही. व्यवसायाने अभिकर्ता असणाऱ्याने त्या नात्याने सोपवलेली मालमत्ता अप्रामाणिकपणे हडपल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१६ अन्वये जन्मठेपेपर्यंतची शिक्षा होऊ शकते. अभिकर्त्याने स्वीकारलेल्या पैशाचा किंवा अन्य जंगम मालमत्तेचा हिशेब न दिल्याबद्दलच्या दाव्यासाठी मुदत अधिनियम, १९६३ ने तीन वर्षांची मुदत ठेवली आहे. अभिकरण चालू असताना हिशेब मागितला आणि नाकारला गेला, तर ती त्या दिवसापासून मोजली जाते. अशी मागणीच झाली नसेल, तर अभिकरण संपल्यापासून. म्हणूनच हिशेबाची मागणी लेखी असावी आणि तिच्यावर तारीख असावी. नात्यातल्या माणसाकडे असा कागद मागणे अनेकांना अवघड वाटते; पण वाद न्यायालयात गेल्यावर मुदतीचा प्रश्न त्या तारखेवरच ठरू शकतो.