मासे नंतर, आधी जिवाणू!

गच्चीतील एका टाकीत मासे पाळायचे आणि त्याच पाण्यावर पालक, पुदिना पिकवायचा, ही 'अ‍ॅक्वापोनिक्स' पद्धत शहरी बागप्रेमींना भुरळ घालू लागली आहे. माशांच्या विष्ठेचे खत झाडांना मिळते आणि झाडे पाणी स्वच्छ करून माशांना परत देतात, असे तिचे वर्णन केले जाते. ते खोटे नाही, परंतु अपुरे आहे. त्यात डोळ्यांना न दिसणारा तिसरा भागीदार सुटून जातो. नवख्यांच्या टाकीतील मासे पहिल्या पंधरवड्यातच दगावतात, ते बहुधा याच विस्मरणामुळे.

मासे कल्ल्यांवाटे पाण्यात अमोनिया सोडतात. विष्ठा आणि उरलेले खाद्य कुजून त्यात भर पडते. अमोनिया माशांना विषारी असतो. नायट्रोसोमोनास गटातील जिवाणू त्याचे नायट्राइट बनवितात, तेही विषच. पुढे नायट्रोस्पायरासारखे जिवाणू नायट्राइटचे नायट्रेटमध्ये रूपांतर करतात आणि झाडांना नत्र मिळते ते मुख्यतः यातून. नव्या टाकीत हे जिवाणू पुरेसे नसतात. खडीवर आणि नळ्यांच्या आतील बाजूस त्यांचा थर जमण्यास साधारण चार ते सहा आठवडे जातात; कडक थंडीत त्याहून अधिक.

म्हणून पहिला महिना मासे न आणता काढणे शहाणपणाचे. पाण्यात थोडा थोडा अमोनिया घालून, मत्स्यालयाच्या दुकानात मिळणाऱ्या चाचणी संचाने पाणी तपासत राहावे. आधी अमोनिया चढतो, मग तो उतरताना नायट्राइट चढते आणि अखेर दोन्ही शून्याजवळ येऊन नायट्रेट दिसू लागते. मासे सोडण्याची वेळ ती. टाकी आणि मासे एकाच दिवशी घरी आणण्याचा मोह महागात पडतो.

या पद्धतीला शास्त्रीय बैठक मिळवून देण्यात डॉ. जेम्स राकोसी यांचा मोठा वाटा आहे. गोड्या पाण्याचे दुर्भिक्ष असलेल्या कॅरिबियन समुद्रातील सेंट क्रॉय बेटावर, व्हर्जिन आयलंड्स विद्यापीठात त्यांनी १९८० च्या दशकापासून तिलापिया आणि भाजीपाल्यावर प्रयोग केले. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २०१४ मध्ये लहान प्रमाणातील अ‍ॅक्वापोनिक्सवर सविस्तर तांत्रिक पुस्तिका काढली. घरगुती मांडणीसाठी तिच्यातील प्रमाणे आजही उपयोगी पडतात. पालेभाज्यांच्या प्रत्येक चौरस मीटर वाफ्यामागे दिवसाला ४० ते ५० ग्रॅम मत्स्यखाद्य, तर टोमॅटो-मिरचीसारख्या फळभाज्यांसाठी ५० ते ८० ग्रॅम, असा तिचा हिशेब आहे. हजार लिटर पाण्यात २० किलोपेक्षा अधिक मासे ठेवू नयेत. नवशिक्याने त्याच्या निम्म्यावरच थांबावे.

गच्चीचा विचार मात्र टाकी विकत घेण्यापूर्वी व्हावा. हजार लिटर पाण्याचे वजनच एक टन भरते, खडीचे वेगळे. जुन्या इमारतीत अभियंत्याचा सल्ला न घेता हा भार चढवू नये. नळाच्या पाण्यातील क्लोरीन माशांना आणि जिवाणूंनाही मारक असल्याने पाणी एक-दोन दिवस उघड्या पिंपात ठेवून मगच टाकीत घालावे. खडीवर थोडे व्हिनेगर टाकून पाहावे. फेस आला तर ती चुनखडीयुक्त आहे, पाण्याचा सामू वाढवील, ती नको.

माशांच्या निवडीत कायद्याचेही भान हवे. तिलापिया, म्हणजे आपल्याकडील चिलापी, काटक असला तरी त्याच्या संवर्धनास परवानगी लागते. आफ्रिकी अर्थात थाई मांगूरवर तर बंदीच आहे. रोहू-कटला लहान टाकीत मावत नाहीत. सुरुवातीस गोल्डफिश वा कोई बरे. ताटात मासा येणार नाही, पण पालकाला त्याने फरक पडत नाही.

पुढची देखभाल पाण्याच्या सामूभोवती फिरते. झाडांना किंचित आम्ल पाणी मानवते, जिवाणूंना किंचित अल्कधर्मी, तडजोड ६.५ ते ७ च्या दरम्यान होते. नायट्रेट तयार होताना आम्लही तयार होत असल्याने सामू हळूहळू घसरतो आणि ६ च्या खाली जिवाणूंचे काम मंदावते. कोवळी पाने पिवळी पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या, तर लोहाची उणीव समजावी. मत्स्यखाद्यात ते पुरेसे नसते आणि चिलेटेड लोह वेगळे द्यावे लागते. किडींवर औषध फवारणे मात्र वर्ज्य. घरगुती म्हणून निर्धोक वाटणारा कडुनिंबाचा अर्कही माशांना घातक ठरू शकतो.

वीज जाणे हे शेवटचे आणि सर्वांत मोठे संकट. पंप थांबताच पाण्यातील प्राणवायू घटू लागतो आणि दाटीच्या टाकीत काही तासांतच मासे पृष्ठभागावर येऊन धापा टाकतात. बॅटरीवर चालणारा छोटा हवापंप पहिल्या दिवसापासून जोडून ठेवावा आणि वीज नसताना माशांना खाद्य घालू नये.