दिनो झॉफचा राजीनामा

२ जुलै २०००. रॉटरडॅममध्ये युरो कपची फायनल. इटली फ्रान्सविरुद्ध १-० ने पुढे होती, नव्वद मिनिटं सरली होती, शिट्टी वाजायला काही क्षण उरले होते. तेवढ्यात विल्तोरने बरोबरी साधली. मग १०३व्या मिनिटाला त्रेझेगेने गोल मारला. तेव्हा ‘गोल्डन गोल’चा नियम होता: एक्स्ट्रा टाइममध्ये पहिला गोल पडला की सामना तिथेच संपायचा. संपला.

इटलीचा प्रशिक्षक होता दिनो झॉफ. दोनच दिवसांनी त्याने पद सोडलं. पण ते हरल्यामुळे नव्हे.

झॉफ मूळचा गोलकीपर, आणि या माणसाला समजून घ्यायचं तर तिथूनच सुरुवात करायला हवी. १९४२ साली इटलीच्या ईशान्येला, फ्रिऊलीमधल्या एका खेड्यात तो जन्मला. पोरवयात इंटर आणि युव्हेंटस या दोन्ही क्लबांनी त्याला ‘उंची कमी आहे’ म्हणून परत पाठवलं. मग आजीने त्याला रोज आठ अंडी खायला घातली, ही गोष्ट इटलीत अजून चवीने सांगितली जाते. पोटापाण्यासाठी तो मेकॅनिकचं काम शिकला. १९६१ मध्ये उदिनेसेकडून पहिला मोठा सामना खेळला, त्यात पाच गोल खाल्ले.

स्ट्रायकरने दहा संधी घालवून अकराव्या वेळी गोल मारला तर तो हिरो. गोलकीपरचं गणित उलटं असतं. दहा अडवा, अकरावा सुटला की लोकांना तोच आठवतो. झॉफच्या वाट्याला हे पुन्हा पुन्हा आलं. १९७२ ते १९७४ या काळात आंतरराष्ट्रीय सामन्यांत सलग १,१४२ मिनिटं त्याने एकही गोल होऊ दिला नाही. हा विक्रम मोडला तो हैतीसारख्या नवख्या संघाच्या इमॅन्युएल सॅननने. १९७८ च्या वर्ल्डकपमध्ये लांबून मारलेले काही फटके आत गेले, तेव्हा झॉफ ३६ वर्षांचा होता. त्याची नजर अधू झाली, असं लोक म्हणू लागले.

चार वर्षांनी, वयाच्या चाळिशीत, तो इटलीचा कॅप्टन म्हणून स्पेनला गेला. पहिले तिन्ही सामने बरोबरीत सुटले. वर्तमानपत्रांनी इतकी झोड उठवली की खेळाडूंनी पत्रकारांशी बोलणंच बंद केलं. संघाच्या वतीने बोलायचं ते फक्त कॅप्टनने, असं ठरलं. म्हणजे संघातला सगळ्यात अबोल माणूस संघाचा प्रवक्ता झाला!

५ जुलै १९८२, बार्सिलोना. ब्राझीलविरुद्ध इटली ३-२ ने पुढे. ब्राझीलला बरोबरीही पुरणार होती. शेवटच्या मिनिटांत ऑस्करने हेडर मारला आणि झॉफने तो बॉल गोललाइनवर दाबून धरला. रॉसीची हॅटट्रिक सगळ्यांना माहीत आहे, पण ती वाया गेली नाही ती या दोन हातांमुळे. सहा दिवसांनी इटली जगज्जेती झाली.

प्रशिक्षक झाल्यावरही गणित बदललं नाही. १९८८ मध्ये युव्हेंटसची सूत्रं त्याच्याकडे आली. पुढच्या वर्षी त्याचा जुना सहकारी आणि सहायक गाएतानो शिरेआ पोलंडमध्ये कार अपघातात गेला. त्याच हंगामात झॉफने क्लबला इटालियन कप आणि युएफा कप जिंकून दिले. तरीही त्याला जावं लागलं, कारण क्लबला जास्त आकर्षक खेळ हवा होता. पुढच्या हंगामात युव्हेंटस लीगमध्ये सातव्या नंबरवर आली.

युरो २००० मध्येही सेमीफायनलला इटली दहा खेळाडूंनिशी यजमान हॉलंडशी झुंजली. सामन्यात आणि शूटआउटमध्ये मिळून डच संघाने सहा पेनल्टी मारल्या, गोल झाला एकच. त्यानंतर आली ती फायनल.

फायनलनंतर सिल्व्हिओ बर्लुस्कोनीने जाहीर टीका केली. तो तेव्हा विरोधी पक्षनेता, एसी मिलानचा मालक आणि टीव्ही चॅनेलांचाही मालक. झिदानवर एक माणूस कायम ठेवायला हवा होता, हे कुणा हौशी प्रशिक्षकालाही कळलं असतं, असा त्याचा सूर होता. झॉफने पत्रकार परिषद घेतली आणि राजीनामा जाहीर केला. एका माणसाच्या कामाचा जाहीर अपमान होणं मान्य नाही, आणि प्रतिष्ठेचे धडे आपण बर्लुस्कोनीकडून घेणार नाही, एवढंच त्याचं म्हणणं.

हा अतिरेक होता का? प्रशिक्षकावर टीका होणारच, आणि झिदानचा मुद्दा अगदीच गैरलागू नव्हता. पण ज्याने आयुष्यभर खाल्लेल्या गोलांचा हिशोब मुकाट्याने ऐकला, त्याला टीका आणि अवहेलना यांतला फरक कळत नव्हता, असं म्हणणं अवघड आहे. ‘तू चुकलास’ हे त्याने हजारदा ऐकलं होतं. ‘तू नालायक आहेस’ हे सत्तेच्या उंबरठ्यावरच्या माणसाकडून ऐकून घेणं त्याने नाकारलं.

वर्षभराच्या आत बर्लुस्कोनी पंतप्रधान झाला. झॉफ लाझिओकडे परतला, आणि २००५ मध्ये फिओरेंतिनाला खालच्या डिव्हिजनमध्ये घसरण्यापासून वाचवून प्रशिक्षकपदातून बाहेर पडला. राष्ट्रीय संघाचा प्रशिक्षक म्हणून त्याच्या नावावर एकही कप नाही. मात्र त्या खुर्चीतून उठायचं कधी, हे त्याचं त्यानेच ठरवलं.