होस्कोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य

शिक्षा झालेल्या कैद्याच्या हाती त्याच्या निकालपत्राची नक्कल विनामूल्य आणि तातडीने पडलीच पाहिजे, असे बजावणारा सर्वोच्च न्यायालयाचा निवाडा (१७ ऑगस्ट १९७८). न्या. व्ही. आर. कृष्ण अय्यर, न्या. डी. ए. देसाई व न्या. ओ. चिन्नप्पा रेड्डी यांच्या पीठाने तो दिला.

कर्नाटक विद्यापीठाच्या बनावट पदव्या तयार करण्याच्या प्रयत्नाबद्दल अर्जदाराला सत्र न्यायालयाने कोर्ट उठेपर्यंतची कैद सुनावली होती. नोव्हेंबर १९७३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती वाढवून तीन वर्षे सक्तमजुरी केली. त्यावर दाद मागायला तो सर्वोच्च न्यायालयात आला, तेव्हा चार वर्षे उलटली होती आणि शिक्षाही भोगून झाली होती. नक्कलच मिळाली नाही, हे त्याने उशिराचे कारण दिले. उच्च न्यायालयाच्या कचेरीने ती येरवडा कारागृहाच्या अधीक्षकांकडे वेळेवर पाठवली होती. ती कैद्याला दिली, पण राज्यपालांकडच्या दयेच्या अर्जाला जोडण्यासाठी परत घेतली, असे तुरुंगाचे म्हणणे. मिळाल्याची कैद्याची सही मात्र कुठेच नव्हती.

शिक्षा रास्त ठरवून न्यायालयाने याचिका फेटाळली. सत्र न्यायालयाच्या सौम्यपणावरही ताशेरे ओढले. पण येरवड्याचा प्रश्न सोडून दिला नाही. जीवित व स्वातंत्र्याविषयीच्या अनुच्छेद २१ चा मनेका गांधी खटल्यात त्याच वर्षी लावलेला व्यापक अर्थ इथे अपिलाच्या हक्काला लागू केला. शिक्षा देणाऱ्या न्यायालयाने नक्कल लगेच व फुकट द्यावी. तुरुंगात आलेली नक्कल अधिकाऱ्याने विनाविलंब कैद्याला देऊन त्याची लेखी पोच घ्यावी. अपिलासाठी लागेल ती सोय तुरुंगाने करावी. वकील देण्याची ऐपत नसलेल्याला, गरज असेल तिथे, सरकारी खर्चाने वकील मिळावा.

हा निवाडा बहुधा मोफत वकिलाच्या संदर्भात सांगितला जातो. लेखी पोचेचा आदेश त्याच्याइतकाच मोलाचा आहे. अपिलाची मुदत चालू असते आणि कागद तुरुंगाच्या कचेरीत अडकलेला असतो. अशा वेळी सही नसेल तर अधिकाऱ्याच्या शब्दापुढे कैद्याचा शब्द टिकणे अवघड.

शिक्षा झालेल्याला विनामूल्य नक्कल देण्याची तरतूद १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम ३६३ मध्ये होती. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ती कलम ४०४ मध्ये आहे. इतर सरकारी कागदपत्रांसाठी माहितीच्या अधिकाराचा २००५ चा कायदा आहे. तो कैद्यांना वगळत नाही, आणि माहिती जीविताशी किंवा स्वातंत्र्याशी निगडित असेल तर ती अर्ज आल्यापासून ४८ तासांत देणे बंधनकारक आहे.