कुडल : भीमा-सीनेच्या भेटीचा शब्द

‘कुडल’ हा शब्द मूळचा कन्नड. ‘कूडु’ म्हणजे मिळणे, एकत्र येणे. त्यावरून ‘कूडल’ म्हणजे दोन प्रवाह जिथे एक होतात ती जागा. दक्षिण सोलापूर तालुक्यात हत्तरसंगाजवळ सीना भीमेला मिळते. त्या ठिकाणाचे नाव कुडल. मराठीत ‘कुडलचा संगम’ म्हटले की एकच अर्थ दोन भाषांत दोनदा सांगून होतो. दोन्ही भाषा घरात आणि बाजारात बोलणाऱ्या या मुलखात ते कुणाला खटकत नाही.

या शब्दाचे भाऊबंद दक्षिणेकडे आढळतात. शिवमोग्ग्याजवळ तुंगा आणि भद्रा जिथे मिळतात ते गाव कूडली. बागलकोट जिल्ह्यात कृष्णा आणि मलप्रभा एकत्र येतात ते कूडलसंगम; तिथेही कन्नड आणि संस्कृत शब्द शेजारी बसले आहेत. बाराव्या शतकात बसवेश्वरांनी ‘कूडलसंगमदेव’ ही आपल्या वचनांची नाममुद्रा केली आणि नद्यांच्या भेटीचा हा साधा शब्द देवाच्या नावात जाऊन बसला. बसवेश्वरांच्या आयुष्याचा एक कालखंड भीमेकाठच्या मुलखात, मंगळवेढ्यात गेला.

कुडलला भेटणाऱ्या दोन नद्यांचा स्वभाव मात्र सारखा नाही. भीमा सह्याद्रीची लेक. पुणे जिल्ह्यात भीमाशंकरच्या डोंगरात ती उगम पावते. त्रिपुरासुराच्या वधानंतर शंकराच्या अंगावरून निथळलेल्या घामाची ही नदी झाली, अशी तिची पुराणकथा आहे. घाटावरचे मोठे पाणी तिला उगमापासूनच लाभते आणि वाटेत भामा, तुळापूरला इंद्रायणी, पुढे मुळा-मुठा आणि घोड तिच्यात भर घालतात. १९८० साली पूर्ण झालेल्या उजनी धरणात हे पाणी अडते. यशवंतसागर या त्याच्या जलाशयात सुमारे ११७ अब्ज घनफूट पाणी मावते. धरणाखाली नरसिंगपूरला नीरा येऊन मिळते. पंढरपुराशी भीमा चंद्रकोरीसारखी वळते, म्हणून वारकरी तिला चंद्रभागा म्हणतात. एकाच नदीला एका वळणापुरते वेगळे नाव मिळावे आणि तेच घरोघरी पोचावे, असे फार थोड्या नद्यांच्या वाट्याला येते. पंढरपूरच्या खाली माण नदी तिला मिळते.

सीना पर्जन्यछायेत जन्मते. तिचे उगमप्रवाह अहिल्यानगरच्या आसपासचे. मलिक अहमदने हे शहर अहमदनगर या नावाने वसवले ते तिच्याच काठी. तिथून आग्नेयेकडे वाहत ती करमाळा, माढा, मोहोळ तालुक्यांतून येते. भोगावती ही तिची उपनदी. घाटाचा पाऊस तिला मिळत नसल्याने उन्हाळ्यात तिचे पात्र कोरडे पडते. पण परतीचा पाऊस मराठवाड्याच्या कडेला जोरात बरसला की हीच नदी काठ सोडते. सप्टेंबर २०२५ मध्ये तिच्या पुराने माढा आणि मोहोळ तालुक्यांतल्या गावांत पाणी शिरले. दुष्काळी नदी म्हणून तिला गृहीत धरणे किती महागात पडते, हे त्या वेळी दिसले.

संगमाकाठी संगमेश्वर आणि हरिहरेश्वर ही दोन जुनी मंदिरे आहेत. हरिहरेश्वर मंदिराचा बुजलेला भाग मोकळा करताना एक बहुमुखी शिवलिंग सापडले. त्यावर ३५९ मुखे कोरलेली आहेत. मराठी वाचकासाठी त्याहून मोलाचा ठेवा संगमेश्वर मंदिरात आहे : शके ९४०, म्हणजे इ.स. १०१८ चा शिलालेख. हा लेख जो वाचेल तो विजयी होईल, अशा अर्थाचे मराठी वाक्य त्यात आहे. मराठीच्या आद्य शिलालेखांत त्याची गणना होते. सोलापूरचे संशोधक आनंद कुंभार यांनी तो अभ्यासकांपुढे आणला. ज्या जागेचे नाव कन्नड, तिथेच मराठीचा इतका जुना लेख असावा यात नवल नाही. नदीच्या दोन्ही थड्यांवर या दोन भाषा शेकडो वर्षे शेजारी नांदत आल्या आहेत.

या पट्ट्यात भीमा महाराष्ट्र आणि कर्नाटकाची हद्द आखत वाहते. उत्तरेला सोलापूर जिल्हा, दक्षिणेला विजयपूर. उजनीतून सोडलेले पाणी नदीपात्रातूनच औजच्या बंधाऱ्यात येते आणि टाकळीहून ते सोलापूर शहराला पुरवले जाते. पुढे अक्कलकोट तालुक्याच्या दक्षिणेने नदी कर्नाटकात शिरते. तुळजापूरच्या बाजूने येणारी बोरी तिला मिळते, गाणगापूरला अमरजा. सन्नतीजवळ तिच्या काठी अशोकाचे शिलालेख आणि कनगनहळ्ळीचा बौद्ध स्तूप सापडला आहे. कागिणा मिळाल्यावर ती दक्षिणेकडे जाते आणि रायचूरच्या उत्तरेला, ८६१ किलोमीटरांची वाट चालून, कृष्णेत मिसळते. तिथून पुढे हे पाणी कृष्णेच्या नावाने वाहते.