रक्तातला सौदा

मराठीत ‘सौदा’ म्हटलं की बाजार आठवतो. आमच्या घरात मात्र हा शब्द आणखी एका अर्थानं कानावर पडे. युनानी वैद्यकात शरीराचे चार द्रव मानले आहेत : खून, बलगम, सफरा आणि सौदा. म्हणजे रक्त, कफ, पिवळं पित्त आणि काळं पित्त. सौदा वाढला की माणूस उदास होतो, भ्रमिष्ट होतो, असं हकीम सांगत. म्हणून उर्दूत वेड्याला ‘सौदाई’ म्हणतात. ही कल्पना मुळात ग्रीकांची. त्यांच्या ‘मेलँकोलिया’ या शब्दाचा अर्थही काळं पित्त असाच आहे.

हे आठवतं ते अम्मीमुळे. तिला आमवात होता. सकाळी बोटं आखडलेली असत, भाकरी थापता येत नसे. रक्ततपासणीचा कागद घरी आला की अब्बांचा पहिला प्रश्न ठरलेला, ‘‘ईएसआर किती?’’ आकडा उतरला असला की घराला हायसं वाटे. अम्मी मात्र खिडकीशी गप्प बसून राही. शेजारची खाला म्हणे, ‘‘सौदा चढलाय तिला.’’ आम्ही शिकलेली मुलं हसत असू.

या ईएसआरची गोष्ट मोठी रंजक आहे. गोठू न दिलेलं रक्त उभ्या नळीत ठेवलं, तर तांबड्या पेशी हळूहळू तळाशी बसतात. शरीरात दाह असेल तर त्या लवकर बसतात. कारण दाहात रक्तातलं फायब्रिनोजेन वाढतं आणि पेशी नाण्यांच्या चळतीसारख्या एकमेकींना चिकटून जड होतात. पोलंडच्या एडमंड बिएर्नात्स्की यांनी 1897 साली हे मांडलं. 1918 मध्ये स्वीडनचे रॉबिन फोरेयस गरोदर स्त्रियांचं रक्त तपासताना याच गोष्टीपाशी आले, तर त्यांचेच देशबांधव आल्फ वेस्टरग्रेन यांनी 1921 मध्ये मोजण्याची पद्धत पक्की केली. एका तासात पेशी किती मिलिमीटर खाली उतरल्या, एवढाच तो हिशेब.

याच फोरेयस यांनी एक विलक्षण तर्क केला. काचेच्या भांड्यात रक्त गोठू दिलं की तळाशी काळसर थर, त्यावर तांबडा, मग पांढुरका आणि वर पिवळसर पाणी दिसतं. प्राचीनांचे चार द्रव इथूनच सुचले असावेत, असं ते म्हणत. हा तर्कच आहे, पण तो खरा असेल तर सौदा हकीमांच्या आधी कुणीतरी डोळ्यांनी पाहिला होता!

दुसरी खूण सापडली 1930 मध्ये. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत विल्यम टिलेट आणि थॉमस फ्रान्सिस यांना न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात एक प्रथिन आढळलं. तेच आजचं सीआरपी. ते यकृतात तयार होतं आणि दाह सुरू झाला की काही तासांत वाढतं.

मग प्रश्न आला मनाचा. 2013 मध्ये अमेरिकेतल्या एमरी विद्यापीठातल्या संशोधकांनी औषधांना दाद न देणारं नैराश्य असलेल्या 60 जणांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांतल्या निम्म्यांना आमवातावरचं इन्फ्लिक्सिमॅब दिलं, बाकीच्यांना नुसतं सलाईन. सगळ्यांचा मिळून हिशेब केला तेव्हा औषधाचा विशेष फायदा दिसला नाही. पण ज्यांचं सीआरपी मुळात जास्त होतं, त्यांच्यात सुधारणेची चिन्हं दिसली. उदासी सगळ्यांची एकसारखी नसते, काहींच्या उदासीत दाहाचाही वाटा असावा, एवढं त्यातून सुचलं.

मात्र घाई नको. सीआरपी साध्या संसर्गानं वाढतं, लठ्ठपणानं वाढतं, धूम्रपानानंही वाढतं. रक्ताच्या एका थेंबावरून नैराश्याचं निदान करणारी तपासणी आजही नाही. सीआरपी अगदी नॉर्मल असलेला माणूसही आतून खचलेला असू शकतो.

खालाचं निदान चुकीचं होतं, काळं पित्त असं काही नसतं. पण दुखणारे सांधे आणि गप्प झालेलं मन यांचं काही नातं असावं, हे तिला दिसलं होतं, आम्हाला नव्हतं. आमवाताच्या रुग्णांमध्ये नैराश्य इतरांपेक्षा जास्त आढळतं, हे आज डॉक्टरच सांगतात. आम्ही वर्षानुवर्षं अम्मीचा ईएसआर विचारत राहिलो. ‘‘अम्मी, तुला बरं वाटतंय ना?’’ हे विचारायचं राहून गेलं. तुमच्या घरी असा कागद येत असेल, तर आकडा जरूर पाहा. पण त्याआधी माणसाकडे पाहा.