फुलझाडांची अभिवृद्धी : दाब, गुटी आणि विभागणी

जुना वाडा पाडून तेथे नवी इमारत उभी राहायची असली, की भाडेकरू भांडी, कपाटे, देव्हारा घेऊन निघतात. परसातला मोगरा मात्र तेथेच राहतो. वीस-तीस वर्षे जमिनीत मुरलेले झाड खणून कुंडीत बसवण्याचा खटाटोप सहसा फसतो. रोपवाटिकेतून दुसरा मोगरा आणता येतो, पण तोच मोगरा हवा असेल तर त्याच्या फांदीला मुळे फोडावी लागतात. यालाच शाकीय अभिवृद्धी म्हणतात. बियांपासून आलेल्या रोपात दोन झाडांचे गुण मिसळलेले असू शकतात. फांदी, कंद वा फुटवा यांपासून वाढवलेले रोप म्हणजे मात्र ते मूळ झाडच होय. शिवाय बागेतल्या मोगऱ्याला बी क्वचितच धरते.

मोगऱ्यासाठी सर्वांत भरवशाचा उपाय दाब कलमाचा. पावसाळ्याच्या प्रारंभी जमिनीलगतची, फार कोवळी नाही आणि फार जून नाही अशी फांदी निवडावी. डोळ्याच्या खालच्या बाजूस साल तिरपी चिरावी. तो भाग शेजारी ठेवलेल्या कुंडीतील मातीत दाबून वर दगड ठेवावा व शेंडा बाहेर उभा राहू द्यावा. फांदीला मूळ झाडाकडून पाणी मिळत राहते, त्यामुळे मुळे फुटण्यास विलंब झाला तरी ती सुकत नाही. नवशिक्याने येथूनच आरंभ करावा, हे बरे. दोन ते तीन महिन्यांनी, ओढून पाहता फांदी मातीत घट्ट वाटली, की मूळ झाडाकडील बाजूने ती कापावी. अर्थात, हे दोन-तीन महिने हाती असावे लागतात. घर रिकामे करण्याची तारीख ठरली, की कलमाचे काम सामानाच्या बांधाबांधीआधी उरकलेले चांगले. आठवडाच उरला असेल, तर पंधरा सेंटिमीटर लांबीचे दहा-बारा छाट घेऊन ओलसर वाळूमिश्रित मातीत लावावेत. त्यांतले काही जगले तरी मोगरा वाचला.

फांदी उंच असून वाकत नसेल तर गुटी बांधतात. पेन्सिलीएवढ्या जाडीच्या फांदीवरील सुमारे अडीच सेंटिमीटर रुंदीची साल गोलाकार काढून तेथे भिजवलेले शेवाळ लावावे व प्लॅस्टिकच्या कागदाने दोन्ही टोके घट्ट बांधावीत. पाणी खोडाच्या लाकडातून वर चढत राहते, परंतु पानांत तयार झालेले अन्न सालीतूनच खाली उतरत असल्याने ते कापाच्या वरच्या कडेशी अडते आणि तेथे मुळे फुटतात. सालीखालचा बुळबुळीत थर नीट खरवडला नाही, तर साल पुन्हा जुळून येते व सारा खटाटोप व्यर्थ ठरतो.

कंदवर्गीय फुलझाडांचा प्रश्न अगदी उलट. तेथे वाटणी न करणे हाच अपराध! निशिगंधाचा जो कंद एकदा फुलला, तो पुन्हा फुलत नाही. त्याच्या भोवती धरलेली पिल्ले पुढची फुले देतात. तीन वर्षांत कुंडीत इतकी दाटी होते, की पाने भरघोस आणि दांडे मात्र मोजकेच. अनेकजण अशा वेळी खताची मात्रा वाढवतात. वास्तविक हवी असते ती जागा. हिवाळ्याच्या अखेरीस पाणी तोडावे, पाने पिवळी पडल्यावर कंद काढून सावलीत महिनाभर ठेवावेत आणि दोन ते तीन सेंटिमीटर व्यासाचे निवडून एप्रिल-मेमध्ये लावावेत. त्याहून लहान कंद वेगळ्या कुंडीत वाढवावेत. त्यांना फुलायला आणखी एक हंगाम लागतो.

सोनटक्का पावसाळ्यात फुलतो, म्हणून त्याचे आल्यासारखे गड्डे मेअखेरीस, पाऊस लागण्यापूर्वी विभागावेत. प्रत्येक तुकड्यावर किमान एक-दोन ठसठशीत डोळे हवेत. कर्दळीलाही हाच न्याय. शेवंती फुलून गेल्यावर जमिनीपासून छाटली, की बुंध्यालगत नवे फुटवे येतात. त्यांना काश्या म्हणतात. त्या मुळांसह सुट्या करून लावल्या, की झाले.

जास्वंदीचे छाट सोपे, मात्र वरची व खालची बाजू ओळखू येण्यासाठी खालचा काप डोळ्याखाली तिरका व वरचा सरळ घ्यावा. उलटा लावलेला छाट सहसा रुजत नाही. गुलाबाचे डोळे मात्र बहुधा रानटी गुलाबाच्या खुंटावर भरलेले असतात. त्या जोडाखालून फुटणारा जोमदार धुमारा पाहून हरखून जाऊ नये. तो वेळीच मुळाशी काढला नाही तर खुंट वाढतो आणि विकत आणलेला गुलाब मरतो.

कोणतेही कलम रोगट झाडावरून घेऊ नये, कारण रोगही सोबत येतो. चाकू प्रत्येक झाडानंतर स्पिरिटने पुसावा. वेगळे केलेले रोप आठ-दहा दिवस सावलीत ठेवावे, आणि लगेच कळी आलीच तर मन घट्ट करून ती खुडावी. मुळे नीट धरेपर्यंत रोपाला फुलाचा भार पेलत नाही.